उभी न केलेली गाडी

त्या वर्षी पावसानं जूनभर आम्हाला गवत कापू दिलं नाही. कापावं तर भिजून कुजायचं, न कापावं तर उभ्या उभ्या जरड व्हायचं. महिना सरताना आकाश एकदाचं उघडलं आणि आमच्या फिंक्स हॉलो खोऱ्यातल्या प्रत्येक शेतात एकाच वेळी यंत्रं घरघरायला लागली. रेडिओवरचा माणूस म्हणाला, शुक्रवारी पुन्हा पाऊस. म्हणजे हातात काय ते बुधवार आणि गुरुवार. नेमका तेव्हाच गवताचे गठ्ठे बांधणाऱ्या आमच्या बेलरचा गाठ मारायचा आकडा मोडला.

माझा भाऊ ओरिन टीचाउट अशा वेळी यंत्राला लाथ मारतो. पण त्याचा उजवा खुबा पार झिजला होता. उजव्या पायानं मारावी तर खुबा दुखणार, डाव्यानं मारावी तर उजव्यावर उभं राहावं लागणार. म्हणून त्यानं नुसत्याच शिव्या दिल्या, आणि कालच बांधलेल्या गठ्ठ्यांच्या दोन ट्रॉल्या ट्रॅक्टरला जोडून तो घराकडे निघाला. त्याची बायको व्हर्ना आणि मी पिकअप घेऊन आकडा आणायला गेलो.

मी नेटी, ओरिनची धाकटी बहीण. नवरा गेल्यापासून याच घरात राहते, सकाळचं दूध काढते आणि या दोघांची भांडणं ऐकते. दूध काढणं सोपं आहे.

आकडा घेऊन परत येताना कॉब टेकडीच्या चढावर आम्हाला पुढे ओरिन दिसला. ट्रॅक्टर गोगलगाईसारखा चढत होता, मागं दोन ट्रॉल्या डुलत होत्या, गवताच्या काड्या आमच्या काचेवर उडत होत्या. आमच्याकडे एक रीत आहे. ट्रॅक्टरवर बसलेला माणूस उंच असतो, त्याला चढापलीकडचं दिसतं. मागं गाडी अडकली की तो पुढे बघून घेतो आणि रस्ता मोकळा असला की डावा हात बाहेर काढून दोनदा पुढे ढकलतो. मागच्यानं निघायचं. मध्ये दुहेरी पिवळी रेघ असो, जी ओलांडायला मनाई असते, नाहीतर आणखी काही असो. हात आल्यावर न जाणं म्हणजे त्या माणसाच्या डोळ्यांवर अविश्वास दाखवणं. आमच्या खोऱ्यात लोक या हातावर बिनघोर जातात. टेकडीवरच्या कबरस्तानात त्यातले एकदोघे आहेतही.

ओरिननं हात काढला. व्हर्नानं चाक वळवलं. आम्ही पिवळी रेघ ओलांडून ट्रॅक्टरच्या बरोबरीनं आलो, तेवढ्यात समोर डावीकडच्या मळ्याच्या वाटेवरून एक निळी मोटार बाहेर पडली. झुडपांमुळे ती ओरिनलाही दिसली नव्हती. आतल्या म्हाताऱ्यानं ब्रेक दाबला, मोटार खडीवर घसरून आडवी झाली आणि थांबली. आम्ही तिच्या नाकासमोरून निसटलो. म्हाताऱ्यानं मूठ दाखवली. माझ्या मांडीवरचा आकडा खाली पडून माझ्या घोट्यावर आदळला.

आणि कबरस्तानाच्या फाटकात पोलिसाची गाडी उभी होती.

तिच्यातून उतरून आलेला पोलीस, म्हणजे डेप्युटी, होता कायल क्रॅन्डल. लहानपणी हा व्हर्नाच्याच बसनं शाळेत जायचा. व्हर्ना सकाळ-दुपार शाळेची बस चालवते. मध्ये शेत आणि गोठा. कायल खिडकीशी आला आणि त्यानं टोपी काढली.

"मिसेस टीचाउट."

"टोपी घाल, कायल. कामावर आहेस."

"तुम्ही पिवळी रेघ ओलांडलीत."

"ओलांडली."

"ओरिननं हात दाखवलेला मी पाहिलाय."

"हात त्याचा होता. चाक माझ्या हातात होतं."

कायलनं मागं बघितलं. निळ्या मोटारीतला म्हातारा रस्त्याच्या कडेला येऊन कमरेवर हात ठेवून उभा होता. "मी सोडलंही असतं," कायल हळू आवाजात म्हणाला, "पण तो बघतोय. तुम्ही असं करा, तारखेला कोर्टात या. ते गुन्हा बदलून नुसत्या चुकीच्या पार्किंगचा करून देतात. सगळ्यांनाच देतात. बसवाल्यांना पत्ताही लागणार नाही."

व्हर्नाचा चेहरा मी बघत होते. ओठ असे मिटले की जणू कुणी टाके घातले. "तू जे पाहिलंस ते लिही," ती म्हणाली. "आणि अक्षर नीट काढ. माझ्या बसच्या सीटवर पेननं काढायचास तसं."

कायलचे कान लाल झाले. त्यानं पावती फाडली. तेवढ्यात ओरिन ट्रॅक्टर घेऊन आमच्या शेजारून गेला, आ वासलेला, आणि चढावर थांबता येईना म्हणून तसाच पुढे गेला.

पावतीचं पुढे बघू, आधी गवत. आकडा बसवला, दिवस मावळेपर्यंत गठ्ठे बांधले, माळ्यावर चढवले. माळ्यावर वारा नसतो. गवताची धूळ घामाला चिकटते, मानेत, कोपरांच्या लवणात, दातांवर. व्हर्ना खालून गठ्ठे टाकत होती, मी वर रचत होते. ओरिन गठ्ठे वर नेणाऱ्या पट्ट्याजवळ एका पायावर भार देऊन उभा होता.

जेवताना त्यानं तोंड उघडलं. ताटात हॅम आणि उकडलेले बटाटे होते. त्यानं काटा खाली ठेवला.

"कायल काय म्हणाला?"

"पार्किंगचं करून देतील म्हणाला," मी म्हटलं.

"मग झालं तर!" ओरिननं श्वास सोडला. "देवाची कृपा."

"मी घेणार नाही," व्हर्ना म्हणाली.

आता हे कळायला आमच्या घराची घडी कळली पाहिजे. आमचा आजारपणाचा विमा दुधातून येत नाही, तो व्हर्नाच्या बसमधून येतो. बसच्या ठेकेदाराचा नियम असा की चालत्या गाडीचा गुन्हा नावावर लागला की चालकानं वर्षभरासाठी किल्ली ठेवायची. किल्ली गेली की विमा गेला. आणि मका कापून झाला की ओरिनचा खुबा बदलायचं ठरलं होतं. इस्पितळानं दिवस दिला होता. ओरिन त्या दिवसाकडे डोळे लावून बसला होता. रात्री कूस बदलताना तो जे कण्हतो ते मला भिंतीपलीकडे ऐकू येतं.

दुसरी गोष्टही कळली पाहिजे. मे महिन्यात व्हर्नाची बस दुसऱ्या एका मळ्यासमोर उभी होती, लाल दिवे लागलेले, म्हणजे मागच्यापुढच्या सगळ्या गाड्यांनी थांबायचं, आणि तिथं दूध काढणाऱ्या मेक्सिकन जोडप्याची मुलगी मारिसोल रस्ता ओलांडत होती. मागून एक पिकअप आली आणि न थांबता निघून गेली. पोरीच्या हातातला डबा उडाला, पोर वाचली. पिकअप ग्लेन ब्रॅडवेची होती. ग्लेन खाद्याच्या गिरणीचा मालक, गावच्या मंडळावर निवडून आलेला, ओरिनचा शाळेपासूनचा दोस्त. व्हर्नानं तक्रार केली. तारीख पुढे पुढे ढकलत तीही व्हर्नाच्याच तारखेवर आली होती. अशा तक्रारी ती वर्षानुवर्षं करत आलीय. दर वेळी कोर्टात जाते, शपथ घ्यायला तयार असते आणि दर वेळी तिच्या डोळ्यांदेखत तडजोड होते: गाडी चुकीच्या जागी उभी केली, कबूल, निघा. मग घरी येऊन ती भांडी आपटते.

"दोन शब्द आहेत," ओरिन म्हणाला. "उभी केली. म्हण आणि घरी ये."

"कुठे उभी केली?"

"कुठेही! कागदावर!"

"कागदावर कसली गाडी उभी राहते?"

"व्हर्ना, अख्खा जिल्हा हेच म्हणतो. पाद्रीसुद्धा म्हणाला होता गेल्या साली."

"पाद्र्याचं तो आणि त्याचा देव बघून घेतील. ग्लेन कोर्टात उभा राहून म्हणणार, मी गाडी उभी केली होती. ती पोर मरता मरता वाचली आणि हा म्हणणार उभी केली होती. मला त्याला खोटारडा म्हणायचंय, ओरिन. माझ्या तोंडातही तेच शब्द असले तर कसं म्हणू?"

मी ओरिनच्या बाजूनं होते, लपवत नाही. मी म्हटलं, "खरेपणा तुझा आणि खुबा त्याचा. हा कुठला न्याय गं?"

ती उठली, ओरिनच्या खुर्चीसमोर गुडघ्यांवर बसली आणि त्याच्या बुटांच्या नाड्या सोडायला लागली. त्याला वाकता येत नाही, म्हणून रोज संध्याकाळी तीच बूट काढते, मोजे काढते, पायाला चिकटलेलं भूस झटकते. ओरिन छताकडे बघत होता. "मी हात दाखवला नसता तर," तो म्हणाला.

"मी बघितलं असतं तर," ती म्हणाली, आणि दुसरा बूट ओढला.

ओरिननं आपला मार्ग काढायचं ठरवलं. आमच्या गावचा जज्ज डेल्बर्ट स्वीट. तो वकील नाही. आमच्याकडे जज्ज निवडून येतो आणि बाकीचे दिवस आपला धंदा करतो. डेल्बर्टचा धंदा गाई भरवायचा. पिकअपमध्ये थंड टाकीत वळूंचं बीज घेऊन तो खोरंभर फिरतो. डॉटी गाय माजावर आली होती, म्हणून त्याला बोलावलं होतं. तो आला, खांद्यापर्यंतचा हातमोजा चढवला, ओरिननं शेपूट धरलं.

"डेल्बर्ट, व्हर्नाच्या त्या पावतीचं..."

"ओरिन, माझा एक हात गाईत आहे."

"दुसरा मोकळा आहे ना?"

"दुसऱ्यात बीज आहे. कायदा कुठल्या हातात धरू?"

मी शेजारच्या गाईला खाणं घालत होते. मला हसू आलं. ओरिनला नाही आलं.

"तू नुसतं मला सांग, ती काहीही म्हणाली तरी तू पार्किंगच लिहिशील."

"कोर्टाबाहेर या विषयावर बोलायची मला मनाई आहे." डेल्बर्टनं डोळे मिटून आतलं चाचपलं, काम उरकलं, हात बाहेर काढला. "बोलणार नाही. पण पार्किंगला नाही म्हणणारा माणूस आजवर माझ्या कोर्टात आलेला नाही, एवढं सांगतो."

"येईल," मागून आवाज आला. व्हर्ना वासरांच्या दुधाची बादली घेऊन दारात उभी होती. "आणि डेल्बर्ट, माझ्या नवऱ्यानं शेपूट धरून जे मागितलं, ते मी मागितलेलं नाही. ध्यानात ठेव."

ती वासरांकडे निघून गेली. डेल्बर्टनं मोजा उलटा करून काढला. "गाभण राहील," तो म्हणाला. "गाय म्हणतोय मी."

दुसऱ्या आठवड्यात ग्लेन ब्रॅडवे शेतात आला. आम्ही वरच्या तुकड्यातलं गवत उलटत होतो. तो स्वच्छ बूट घालून खुंटांमधून जपून चालत आला, हातात सोड्याच्या थंड बाटल्या. एक ओरिनला दिली, एक मला. तिसरी व्हर्नासमोर धरली, तिनं घेतली नाही. उन्हात बाटलीवरचं पाणी त्याच्या मनगटावरून ओघळत होतं.

"व्हर्ना, जे झालं ते झालं," ग्लेन म्हणाला. "माझं लक्ष नव्हतं. मीही माणूस आहे. आता तूही रेघ ओलांडलीस. तू तुझं पार्किंग घे, मी माझं घेतो. फिटंफाट. चोर चोर मावसभाऊ."

"मी चोर आहे म्हणून कबूल करतेय, ग्लेन. तू नुसता मावसभाऊ व्हायला आलायस."

"ओरिन, हिला सांग काहीतरी."

ओरिननं बाटलीचा घोट घेतला. "तूच सांग. मी गेले पंधरा दिवस सांगतोय."

"तुझा पाय बघ रे," ग्लेन त्याला म्हणाला, "असा किती दिवस ओढणार? बाईच्या हट्टापायी माणूस लंगडा राहायचा?"

मी ओरिनकडे बघितलं. हेच शब्द तो स्वतः घरात म्हणाला होता, जवळजवळ असेच. पण दुसऱ्याच्या तोंडून ऐकताना त्याची हनुवटी वर आली. "पाय माझा आहे," तो म्हणाला. "तू त्या पोरीच्या घरी गेलास का कधी?"

"कुठल्या पोरीच्या?"

ओरिननं अर्धी भरलेली बाटली त्याच्या हातात परत दिली आणि ट्रॅक्टरवर चढायला लागला. चढायला त्याला वेळ लागतो. आधी डावा पाय, मग हातांनी ओढून उजवा. ग्लेन मदतीला पुढे झाला. ओरिन म्हणाला, "हात लावू नकोस."

मी माझी बाटली पिऊन टाकली. तहान लागली होती आणि माझं भांडण थोडंच होतं!

आमचं कोर्ट रस्तेदुरुस्तीच्या गॅरेजात भरतं. एका बाजूला बर्फ ढकलायचे ट्रक, डिझेलचा आणि मिठाचा वास, दुसऱ्या बाजूला घडीच्या खुर्च्या. समोर टेबल, टेबलामागं झेंडा, झेंड्याखाली काळा झगा घातलेला डेल्बर्ट. झग्याखाली रबरी बूटच होते. जिल्ह्याच्या गावाहून आलेली सरकारी वकील तरुण पोरगी होती, हातात कागदांचा गठ्ठा, एकेकाला बाजूला बोलावून हलक्या आवाजात विचारायची आणि पुढे ढकलायची. पार्किंग. पार्किंग. पार्किंग. लोक चर्चमध्ये प्रसादाला उभे राहावेत तसे रांगेत होते.

व्हर्नानं निळा कोट घातला होता, उन्हाळा असून. कोर्टात जायचा तिचा तोच कोट. मानेवर गवतानं उठलेलं पुरळ कॉलरला घासत होतं. तिला पुकारलं. ती गेली. ओरिन आणि मी मागं होतो. ग्लेन आमच्यापुढच्या रांगेत, हातांची घडी घालून.

"मिसेस टीचाउट, पार्किंग, ठीक आहे?" वकील मुलगी म्हणाली. ती आधीच लिहायला लागली होती.

"नाही."

"म्हणजे खटला लढवायचाय?"

"नाही. गुन्हा कबूल आहे. जो लिहिलाय तो."

मुलीनं मान वर केली. "बाई, हा चालत्या गाडीचा गुन्हा आहे. तुमच्या नावावर राहील. तुम्ही बस चालवता ना? मी तुमच्या भल्यासाठी सांगतेय."

"कळतंय मला, पोरी. तू चांगली आहेस. पण मी गाडी उभी केली नव्हती."

डेल्बर्टनं चष्मा नाकावर खाली ओढला. "व्हर्ना, जवळ ये. तुला काय होईल ते ठाऊक आहे?"

"आहे."

ओरिन उठला. खुर्ची मागं पडली, फरशीवर खाडकन वाजली. "मी हात दाखवला होता!" तो ओरडला. "मी म्हणालो जा, म्हणून ती गेली. लिहायचं तर माझ्या नावावर लिहा!"

"हाताची पावती फाडायचा कायदा नाही, ओरिन. खाली बस."

"मला बसता-उठता त्रास होतो. मी उभाच राहतो."

"राहा. पण गप्प राहा."

व्हर्ना मागं वळली. तिनं ओरिनकडे असं बघितलं की मी दुसरीकडे बघितलं. मग ती टेबलाकडे वळली आणि तिचा आवाज आला, बसमध्ये मागच्या सीटवरच्या पोरांना ऐकू जावा तसा.

"डेल्बर्ट, इतकी वर्षं मी या खोलीत येऊन सांगत आले, की बस उभी होती आणि गाडी चालू होती. दर वेळी तुम्ही उलटं लिहिलंत. गाडी उभी होती. मी घरी जायचे. दुसऱ्या दिवशी त्याच पोरांना त्याच रस्त्यावर उतरवायचे. आज गाडी माझी आहे. ती चालू होती. रेघेच्या पलीकडे होती. एक म्हातारा मेला असता. मला खरं लिहून दे."

डेल्बर्टनं पेन हातात घेतलं. त्याच्या हातावर रेतनाच्या मोज्यातली पांढरी पूड अजून होती. "कबुली मान्य," तो म्हणाला, आणि लिहिलं.

व्हर्ना आमच्याकडे परत आली नाही. ती भिंतीशी, ट्रकच्या फाळाला टेकून उभी राहिली, कारण पुढचा पुकारा ग्लेनचा होता आणि ती साक्षीला आली होती.

ग्लेन गेला. वकील मुलीनं व्हर्नाकडे एकदा बघितलं, मग कागदाकडे. "पार्किंग," ती म्हणाली, पण मघासारखं झरझर नाही.

"हो, कबूल," ग्लेन म्हणाला.

डेल्बर्टनं पेन उचललं आणि परत ठेवलं. "काय कबूल?"

"पार्किंग."

"कुठे?"

"काय कुठे?"

"गाडी कुठे उभी केली होतीस, ते सांग."

ग्लेन हसला. आजूबाजूला बघितलं, दुसरं कुणी हसतंय का म्हणून. "डेल्बर्ट, रोजचंच आहे हे. घाल सही."

"इथं मी जज्ज आहे. बसच्या बाजूला उभी केली होतीस? का बसच्या पुढे?"

"अरे, बाजूला म्हण, पुढे म्हण."

"मी कशाला म्हणू? गाडी तुझी. आणि तू उभी केलीस तेव्हा ती पोर कुठे होती?"

ग्लेनची मान कॉलरपासून वर लाल होत गेली. मागं कुणीतरी फिस्सकन हसलं. ग्लेननं वळून बघितलं आणि हसणारा सापडेना, तेव्हा त्याची नजर ओरिनवर आली. ओरिन उभाच होता, पुढच्या खुर्चीची पाठ दोन्ही हातांनी धरून. सगळी खोली ग्लेनच्या तोंडाकडे बघत होती. गिरणीत दिवसभर बडबडणारा माणूस, पण त्याला एक जागा सांगता येईना.

"उभी नव्हती केली," शेवटी तो म्हणाला.

"मोठ्यानं."

"उभी नव्हती केली म्हणतोय ना!"

"मग न केलेला गुन्हा मला मान्य करता येत नाही," डेल्बर्ट म्हणाला. "खरा गुन्हा कबूल करायचा तर कर, नाहीतर खटला लढव. व्हर्ना, साक्ष देशील?"

"मी इथंच आहे," व्हर्ना म्हणाली.

ग्लेननं कबूल केलं. साक्ष ऐकायची त्याची छाती नव्हती. तो बाहेर पडला तेव्हा रांगेतले दोघेतिघेही उठून बाहेर गेले, सिगारेट ओढायला म्हणे. ते परत आत आले की तसेच घरी गेले, मला माहीत नाही.

जग सुधारलं असं काही झालं नाही. पुढच्या तारखेला डेल्बर्टनं पुन्हा पार्किंग लिहायला सुरुवात केली, फक्त आता कुणाकुणाला तो मध्येच विचारतो, कुठे? ग्लेन आमच्याशी बोलत नाही. आम्ही खाद्य दोन गावं पलीकडून आणतो. मारिसोलची आई एका सकाळी मक्याच्या पानात बांधून उकडलेले तमाले घेऊन आली. तिला आमची भाषा फारशी येत नाही आणि आम्हाला तिची अजिबात येत नाही. तिनं व्हर्नाचे दोन्ही हात धरले आणि बराच वेळ सोडले नाहीत.

ठेकेदारानं व्हर्नाला बोलावून घेतलं. त्याला वाईट वाटत होतं, हे तिनंच सांगितलं. "पार्किंग घेतलं असतं तर मी विचारलंही नसतं," तो म्हणाला. तिनं किल्ली त्याच्या टेबलावर ठेवली, बसमधली आपली उशी काढून घेतली आणि घरी आली. त्या संध्याकाळी तिनं भांडी आपटली नाहीत. ती गोठ्यात गेली आणि गाईंच्या मागं एकटी रडली. मी दूध गाळत होते, यंत्राचा आवाज चालू ठेवला.

दुसऱ्या दिवशी न्याहारी झाल्यावर तिनं फोन उचलला. इस्पितळाला कळवायला हवं होतं. नंबर लावता लावता तिचा हात थांबला. ओरिन भिंतीला धरत धरत आला आणि फोन तिच्या हातातून काढून घेतला.

"पाय माझा आहे," तो म्हणाला. "फोनही मीच करतो."

"मी सांगते त्यांना."

"काय सांगशील? माफी मागशील. तू कुणाची माफी मागितलेली मला ऐकायची नाही."

तो उभा राहूनच बोलला. पलीकडची बाई गोड आवाजाची असावी, कारण ओरिनचाही आवाज जरा मऊ झाला. हो, टीचाउट. हो, उजवा. नाही, दुसरा दिवस नको, विमा नाही आता. येत्या साली बघू. हिवाळा काठीवर काढीन. नाही, दुखतं, दुखत नाही असं नाही. मग तिनं काहीतरी विचारलं. ओरिननं फोनवर हात ठेवला आणि आमच्याकडे बघितलं.

"कारण विचारतेय," तो म्हणाला. "त्यांना लिहावं लागतं म्हणे."

व्हर्ना टेबलाशी ताठ बसली होती, दोन्ही तळवे लाकडावर. ओरिननं हात काढला.

"लिहा बाई," तो फोनमध्ये म्हणाला, आणि शेजारच्या मळ्यावर ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाला, "माझ्या बायकोनं गाडी उभी केली नव्हती."